लिदीचा हिशेब

उणे वीस अंशांत लिदीला वास येत नाही. पडताना ती वाफाळते आणि थोड्याच वेळात तिचा दगड होतो. बुटाने ठोकरली तर खडखडत जाते. एटीच्या खेचरांबरोबर लडाखमध्ये हिवाळा काढलेल्यांना हे सांगायला नको. वास नाही, माश्या नाहीत, म्हणून कोणाला घाईही नसते.

पण गोठणं म्हणजे कुजणं नव्हे. आपल्याकडच्या उकिरड्यात हात घातला तर आत गरम लागतं. ती ऊब जिवाणूंच्या कामाची. लडाखच्या थंडीत हे काम जवळपास थांबतं. विखुरलेल्या लिदीत तर ऊब धरून ठेवण्याइतका आकारच नसतो. मग लीद, त्यावर बर्फ, पुन्हा लीद, असे थर साचतात. एक खेचर दिवसाला दहा किलोच्या आसपास लीद टाकतं. सहा महिन्यांचा गुणाकार ज्याचा त्याने करावा. शिवाय थंडीने सगळे जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते निपचित पडून राहतात. मे-जूनमध्ये हे सगळं एकदम नाल्यात उतरतं. खाली त्याच नाल्याचं पाणी लंगरात जातं आणि गावातही.

लडाखी माणूस असं काही वाया जाऊ देत नाही. चांगथांगात झाडं नाहीत, तिथे याकचं शेण आणि मेंढ्या-बकऱ्यांच्या लेंड्या वाळवून चूल पेटते. घरातल्या कोरड्या संडासातही माती-राख टाकत राहतात आणि ते खत पुढे शेतात जातं.

माझं म्हणणं एवढंच, की लीद जानेवारीत उचलावी. तेव्हा ती फावड्यावर वीट उचलावी तशी येते. जूनमध्ये तिचा चिखल झालेला असतो. नाल्यापासून दूर, उंचावर एकच मोठा ढीग करावा. उरलेला चारा आणि माती त्यातच टाकावी. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत तो वाळून हलका होतो, मग गावातल्या शेतकऱ्यांना द्यावा. पुढच्या चौक्यांवरून मात्र लीद खाली आणायच्या फंदात पडू नये. उताराला खेचराच्या गुडघ्यांवर आधीच ताण असतो, आणि ड्रायव्हरही थकलेला असतो. हे काम खालच्या तबेल्यांपुरतंच.

खर्च म्हणाल तर फावडी आणि पोती. फक्त ती विंटर स्टॉकिंगच्या यादीत उन्हाळ्यातच चढलेली हवीत.