चढ किती, ते आधी सांगा

अर्धांगवायूतून सावरलेला रुग्ण तपासणी संपल्यावर विचारतो, "डॉक्टरसाहेब, माहूरला जाऊ का?" रक्तदाब आटोक्यात आहे, काठी घेऊन चालता येते. तरी लगेच 'जा' म्हणवत नाही. रेणुकामातेच्या गडाला पायऱ्या आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कठडा कुठपर्यंत आहे, मध्ये बसायला जागा किती, व्हीलचेअर आत जाईल असे स्वच्छतागृह कुठे, हे त्याला घरून निघण्यापूर्वी कोण सांगणार? औसा तालुक्यातील खरोसा लेण्यांच्या टेकडीबाबतही प्रश्न हाच.

असे लोक थोडे नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद आहे. आपल्याकडे तर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने कायमचे जायबंदी केलेले लोक आहेत. लहानपणी पोलिओ झालेल्या काहींच्या स्नायूंची ताकद पन्नाशीत पुन्हा घटू लागते. मधुमेहाने पाय गमावलेले वेगळेच. 'घराबाहेर पडा, हालचाल ठेवा' असे आम्ही यांच्या चिठ्ठीवर सहज लिहितो (लिहायला काय जाते!). बसून राहिल्याने वजन वाढते, जखमा होतात, मन खचते, म्हणून ते लिहावेच लागते.

टेकडीचा माथा सर्वांसाठी खुला करा, अशी मागणी कोणी करत नाही. व्हीलचेअरच्या उतरंडीचे प्रमाण १ ला १२ आहे. म्हणजे ६० मीटर चढायला किमान ७२० मीटर रस्ता हवा, शिवाय मध्ये सपाट थांबे. प्रत्येक ठिकाणी ते जमणार नाही. पण पायथ्यापासूनचे पहिले दोन-तीनशे मीटर घट्ट, सपाट करता येतात. सुट्या मुरुमात चाक रुतते आणि काठीही घसरते. माहूरला लिफ्टची योजना आहे, ती चांगलीच आहे. पण वाहनतळ ते लिफ्ट या वाटेत दोनच पायऱ्या राहिल्या, तरी व्हीलचेअर तिथेच अडते.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. सुगम्यतेचे नियम ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. निधी येईल तेव्हा येईल. तोवर नगरपालिका, देवस्थान, पुरातत्त्व विभाग यांनी पायथ्याशी आणि संकेतस्थळावर एवढे लिहावे: वाट किती लांब, सर्वांत कठीण चढ कुठे, पायऱ्या किती, बाके आणि स्वच्छतागृह कुठे. मोजपट्टी घेऊन जाताना व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्याला सोबत न्यावे. चाक कुठे अडते, ते त्यालाच आधी कळेल.