दिग्दर्शकाकडे खोल्यांच्या किल्ल्या नकोत

ऑगस्टच्या दुपारी एडिंबराच्या रॉयल माइलवर पाय ठेवायला जागा नसते. दगडी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेशभूषा करून उभी असलेली मंडळी आपापल्या नाटकाची पत्रकं वाटत असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना प्रयोगाची वेळ सांगत असतात. या गर्दीत सोळा-सतरा वर्षांची अमेरिकन मुलंही असतात. ओहायो, टेक्सस, न्यू जर्सी अशा ठिकाणच्या हायस्कुलांतून ती आपलं नाटक घेऊन आलेली असतात. त्यांच्यापासून पाच-सात पावलांवर एक मोठं माणूस उभं असतं. खांद्यावर मुलांची जॅकेटं, पिशवीत कुणाचा इनहेलर, कुणाचं अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन, आणि नजर सतत डोकी मोजणारी. हा शॅपरोन, म्हणजे शाळेच्या वतीने मुलांबरोबर आलेला सोबती. पत्रकावर त्याचं नाव नसतं. बहुतेक वेळा शाळेच्या अंदाजपत्रकातही नसतं.

एडिंबराच्या या महोत्सवाचा जन्म आगंतुकांच्या हिमतीतून झाला. 1947 साली शहरात आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्या आपण होऊन आल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करून गेल्या. त्यातूनच ‘फ्रिंज’ उभा राहिला. आज तिथे तीन हजारांहून जास्त कार्यक्रम होतात. जागा मिळाली आणि खर्च उचलता आला की कुणीही प्रयोग लावू शकतो, निवड समिती नावाची गोष्ट तिथे नाही. अमेरिकन शाळांसाठी मात्र 1994 साली ‘अमेरिकन हायस्कूल थिएटर फेस्टिव्हल’ हा वेगळा उपक्रम सुरू झाला. त्यात शाळांची नावं सुचवली जातात, त्या अर्ज करतात आणि महाविद्यालयांतले नाट्यशिक्षक अर्ज तपासतात. निवड झालेली शाळा मग वर्षभर निधी जमवते. केक विकणं, गाड्या धुणं, गावातल्या दुकानदारांकडून जाहिराती मिळवणं, सगळं चालतं. एकेका मुलाचा खर्च काही हजार डॉलरांत जातो.

एवढी तयारी करणाऱ्या शाळा एका प्रश्नावर जेमतेम दहा मिनिटं घालवतात. मुलांबरोबर कोण जाणार? नाटक बसवणारे शिक्षक जाणार हे गृहीतच असतं. उरलेल्या जागा ज्या पालकांना रजा मिळेल आणि तिकीट परवडेल त्यांना जातात. या पद्धतीत मोठी चूक आहे. परदेशी प्रयोगाच्या दौऱ्यात दिग्दर्शक आणि मुलांचा पालक-सोबती ही दोन कामं दोन वेगवेगळ्या माणसांची असायला हवीत, आणि दुसऱ्या कामासाठी पहिल्याइतकीच तयारी लागते.

या कामाची सुरुवात विमानतळावर होत नाही, ती कागदपत्रांपासून होते. 8 जानेवारी 2025 पासून अमेरिकन पासपोर्टवर ब्रिटनला जाणाऱ्यांनाही आधी इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी काढावी लागते. ती फोनवरून निघते. पण हल्ली अमेरिकेतल्या हायस्कुलांच्या नाटकांत भारतीय घरातली मुलं दिसतात, त्यांत मराठीही असतात, आणि त्यातल्या काहींकडे भारतीय पासपोर्ट असतो. त्यांना ब्रिटनचा रीतसर व्हिसा लागतो. अर्ज, बोटांचे ठसे, आणि निर्णयासाठी साधारण तीन आठवडे.

त्याहून अवघड गोष्ट परतीची. आईवडिलांच्या एच-1बी व्हिसामुळे एच-4 वर राहणाऱ्या मुलाचा अमेरिकेतला मुक्काम कायदेशीर असतो, तरी त्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली असू शकते. देशात राहायला तो शिक्का लागत नाही, पण बाहेर पडून परत यायला लागतो. कॅनडात थोडे दिवस जाऊन येणाऱ्याला यात सवलत मिळते. ब्रिटनहून परतणाऱ्याला ती नाही. म्हणजे नाटकात मुख्य भूमिका मिळालेली मुलगी एडिंबराला पोहोचेल, प्रयोग करेल, आणि घरी परतायला मात्र तिला आधी अमेरिकन वकिलातीची तारीख मिळवावी लागेल. हे शिक्षकांना ठाऊक असेलच असं नाही. मुलं वर्गात सांगत नाहीत, पालक संकोचतात. निवड जाहीर झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक घरी स्वतंत्रपणे, बाकीच्यांना कळू न देता, हा प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं. तालमीत बुडालेल्या दिग्दर्शकाला ते सुचायला बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

मग औषधं. अमेरिकन हायस्कुलांत एकाग्रतेच्या विकारावर गोळ्या घेणारी मुलं कमी नाहीत. यातली अ‍ॅडरॉलसारखी औषधं ब्रिटनमध्ये नियंत्रित यादीत मोडतात. तीन महिन्यांपेक्षा कमी पुरेल एवढी मात्रा नेता येते, पण डॉक्टरांचं पत्र आणि मूळ डबी जवळ लागते. हेच नाटक जपानला न्यायचं ठरलं तर अ‍ॅडरॉल नेताच येत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरीही. दौऱ्याचा देश ठरताना ही चौकशी कुणी करायची?

कपडेपट आणि प्रॉपर्टी यांचीही अशीच गत. खोटं पिस्तूल हातातल्या बॅगेत चालत नाही. खोटी दाढी चिकटवायचा स्पिरिट गम ज्वलनशील म्हणून विमानात अडवला जातो. केस कुरळे करायची अमेरिकेतली यंत्रं 120 व्होल्टची असतात आणि ब्रिटनमध्ये वीज 230 व्होल्टची. नुसता प्लग बदलणारा अ‍ॅडॉप्टर लावून पहिल्या प्रयोगाच्या सकाळी एकीने यंत्र सुरू केलं, की यंत्र जळतं, धूर होतो आणि वसतिगृहाच्या आगीच्या घंटेमुळे सगळी इमारत रस्त्यावर येते. या गोष्टी लहान दिसतात, पण त्या निस्तरण्यात गेलेला वेळ तालमीतून कापला जातो.

फ्रिंजमध्ये वेळ फार महाग असतो. एकाच रंगमंचावर दिवसभरात एकामागून एक अनेक नाटकं होतात. बहुतेक प्रयोग तासाभराचे असतात. आधीच्या संचाने आपलं नेपथ्य काढायचं आणि पुढच्याने लावायचं, त्याला मिनिटं मोजून मिळतात. प्रकाशयोजना आणि ध्वनीची तांत्रिक तालीम बहुधा एकदाच, ठरलेल्या तासांत. ब्रिटिश नाट्यगृहांचा एक रिवाजही माहीत असावा लागतो. तिथे ‘अर्धा तास’ अशी हाक पडदा उघडण्याच्या तीस नव्हे, पस्तीस मिनिटं आधी दिली जाते, आणि तेव्हा प्रत्येक नट इमारतीत हजर असायलाच हवा. शाळेतल्या सवयीने वेळ धरणारं मूल तिथे आपोआप पाच मिनिटं उशिरा पोहोचतं.

या धावपळीत दिग्दर्शकाचं सगळं लक्ष रंगमंचावर असतं आणि ते तिथेच असायला हवं. चौदा मुलांतलं एक जेवलेलं नाही, एकीला आदल्या रात्रीपासून उलट्या होताहेत, एक मुलगा दोन दिवस कुणाशी बोललेला नाही, हे पाहणारे डोळे वेगळे लागतात.

आणि प्रश्न फक्त वेळेचा नाही, सत्तेचाही आहे.

हायस्कूलचा नाट्यशिक्षक पुढच्या वर्षीच्या भूमिका ठरवतो. नाट्यशिक्षणासाठी महाविद्यालयात अर्ज करणाऱ्या मुलांना त्याचं शिफारसपत्र लागतं. ज्याच्या हातात हे सगळं आहे, त्याला सोळा वर्षांची मुलगी आपल्या अंगात ताप आहे हे सांगेल का? आपली भूमिका जाईल या भीतीने ती गोळी घेऊन उभी राहील. संचातलाच कुणी मोठा मुलगा त्रास देत असेल आणि तो नाटकाचा नायक असेल, तर तक्रार आणखी अवघड. ज्याच्या हातात भूमिका नाही, अशाच माणसाकडे मूल मोकळं होतं. शॅपरोन हा असा माणूस असतो. म्हणून त्याने कुणाच्याही अभिनयावर चकार शब्द काढू नये, कौतुकाचाही नाही. सूचना द्यायच्या त्या दिग्दर्शकानेच.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आजारी मुलीला आज रंगमंचावर उभं करायचं की नाही, हा निर्णय दिग्दर्शकाकडे नको. चार प्रयोगांसाठी वर्षभर राबलेला शिक्षक वाईट माणूस नसतो, पण त्या क्षणी त्याच्या मनात नाटक आणि मूल यांची ओढाताण होणारच. मुलाच्या तब्येतीपुरता नकाराधिकार शॅपरोनला लेखी द्यावा आणि तो सगळ्या पालकांना आधी सांगावा.

इंग्लंडने हे तत्त्व कायद्यात आणलं आहे. 2014 च्या बालकलाकार नियमांनुसार परवान्यावर काम करणाऱ्या शाळकरी मुलाबरोबर त्याचे पालक किंवा शिक्षक नसतील, तर स्थानिक प्रशासनाने मंजूर केलेला शॅपरोन असावा लागतो. त्याने एका वेळी बारापेक्षा जास्त मुलं सांभाळायची नाहीत. मुलाची काळजी हेच त्याचं काम, निर्मितीच्या सोयीपेक्षा ते वरचं. हे नियम सक्तीच्या शिक्षणाच्या वयातल्या मुलांसाठी आहेत आणि हायस्कूलची बरीच मोठी मुलं त्या वयापलीकडे गेलेली असतात. पण सतरा वर्षांच्या मुलाला परक्या शहरात मध्यरात्री सोबत लागत नाही, असं कुणी म्हणेल का?

रात्रीचाच विचार करू. अमेरिकेत एकवीस वर्षांखाली दारू विकत घेता येत नाही. ब्रिटनमध्ये ही मर्यादा अठराची आहे. संचातल्या शेवटच्या वर्षाच्या काही मुलांना अठरा पूर्ण झालेली असतात, आणि महोत्सवाच्या दिवसांत एडिंबराचे पब मध्यरात्रीनंतरही गजबजलेले असतात. कायदा आडवा येत नाही, येतो तो फक्त शाळेचा नियम. तो पाळला जाईल हे पाहायला कुणीतरी जागं लागतं. अमेरिकन सहलींत रात्री खोल्यांच्या दारांवर बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावायची पद्धत आहे. दार उघडलं तर सकाळी कळतं. पण पट्टी लावणाऱ्याला सकाळी आठला प्रकाशयोजनेची तालीम घ्यायची असेल, तर तो रात्री दोनला दार वाजल्यावर उठणार नाही. उठला, तर सकाळी त्याच्याकडून काम होणार नाही.

मुलांनी इतरांची नाटकं पाहावीत, हा या दौऱ्याचा खरा लाभ. त्यातही निवड करावी लागते. 1968 च्या कायद्याने ब्रिटनमधली नाटकांची सेन्सॉरशिप संपली आणि फ्रिंजच्या रंगमंचावर काहीही येऊ शकतं. कार्यक्रमपत्रिकेत वयाची सूचना असते. ती वाचून, दोन-तीन गटांत मुलं वाटून, प्रत्येक गटाबरोबर मोठं माणूस पाठवणं हे रोजचं नियोजन आहे. त्यातच घरच्यांचे फोन. एडिंबरात रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत संध्याकाळचे सहा आणि कॅलिफोर्नियात दुपारचे तीन असतात. सगळ्या पालकांना रोज एकच निरोप, एकाच माणसाकडून, ठरलेल्या वेळी गेला तर निम्मी धास्ती कमी होते.

छोट्या शाळांची अडचण खरी आहे. सहल कंपन्या बहुधा ठरावीक विद्यार्थ्यांमागे एका मोठ्या माणसाची जागा मोफत देतात. संच बारा-पंधरा मुलांचा असेल तर अशी एखादीच जागा मिळते आणि ती साहजिकच दिग्दर्शकाला जाते. बाकीचे मोठे स्वतःच्या खर्चाने येतात. परिणाम असा की मुलांना ओळखणारी, तापाशी आणि रडण्याशी शांतपणे वागणारी, पण तासाच्या पगारावर काम करणारी आई मागे राहते. दोन आठवडे रजा घेऊ शकणारे पालक जातात, मग त्यांना या कामाची आवड असो वा नसो. निवड पैशावर होते, कुवतीवर होत नाही. यावर उपाय आहे. निधी जमवायला बसताना शॅपरोनचा खर्च मुलांच्या खर्चातच धरायचा. एक प्रवासखर्च पंधरा घरांत वाटला की प्रत्येकी वाढणारी रक्कम पेलण्याजोगी असते.

आणखी एक आक्षेप येतो. मुलांचा शिक्षकांवर जितका विश्वास, तितका अनोळखी पालकावर कसा बसेल? तो दोन आठवड्यांत बसणार नाहीच. म्हणून शॅपरोन आधीच निवडायचा आणि त्याने शेवटच्या दोन महिन्यांच्या तालमींना नियमित येऊन बसायचं. प्रथमोपचार शिकून घ्यायचे. कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, कोण मांसाहार करत नाही, कुणाला बंद खोलीची भीती वाटते, हे कागदावर न पाहता सांगता यायला हवं. स्वतःचं मूल संचात असेल तर ते दुसऱ्याच्या गटात द्यायचं. स्कॉटलंडमध्ये तातडीला 999 आणि बाकी वैद्यकीय सल्ल्याला 111, घरचा आरोग्य विमा परदेशात चालतो की वेगळा काढायचा, जवळचं रुग्णालय कुठे आहे, हे निघण्याआधी पाठ हवं.

आपल्याकडे राज्य बालनाट्य स्पर्धेला शाळेचा संच परगावी निघतो तेव्हाही नाटक बसवणारे सरच तिकिटं काढतात, डबे मोजतात, रात्री मुलांना झोपवतात आणि सकाळी नेपथ्य लावतात. त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहेच. पण ती माणसं थकतात, आणि त्या थकव्याची किंमत नाटक आणि मुलं दोघांनाही मोजावी लागते. समुद्रापलीकडे, वेगळ्या कायद्याच्या आणि वेगळ्या औषधांच्या देशात ही किंमत कितीतरी वाढते.

ज्यांच्या मुलांची अशा दौऱ्यासाठी निवड झाली आहे, त्या पालकांनी पहिल्याच सभेत तीन प्रश्न विचारावेत. दिग्दर्शनाशी संबंध नसलेली मोठी माणसं किती आणि कोण? मूल आजारी पडलं तर प्रयोग थांबवण्याचा किंवा बदली नट उभा करण्याचा शब्द कुणाचा? आणि रात्री किल्ल्या कुणाकडे? तिन्ही उत्तरं नावांसह, लेखी मिळेपर्यंत अनामत रकमेचा चेक देऊ नये.