गाडीखालचा गोड थेंब

महामार्गावर धावणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला समोरचा वारा थंड ठेवतो. घोडेगावच्या फाट्याने शनिशिंगणापूरच्या रस्त्याला लागले, की शनी अमावास्येच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने चालते. वारा थांबतो आणि सारा भार एकट्या पंख्यावर येतो. रेडिएटरची बारीकशी गळतीही अशाच वेळी उघडी पडते.

म्हणून निघण्यापूर्वी, इंजिन पूर्ण थंड असताना, दहा मिनिटे पाहणीसाठी काढावीत. टाकीतील कूलंट किमान व कमाल या खुणांच्या मध्ये असावे. ते वारंवार उतरत असेल, तर वरून भर घालून समाधान मानू नये. रोजमेळ जुळला नाही की व्यापारी एकेक नोंद तपासतो, तशीच गळतीची जागा शोधावी. नळ्यांचे सांधे आणि रेडिएटरच्या कडा यांवर पांढरट किंवा रंगीत पापुद्रा दिसला, तर तेथून कूलंट झिरपून वाळले आहे असे समजावे. फुगलेली, लिबलिबीत वा चिरलेली रबरी नळी बदलावी. जाळीच्या पातळ पट्ट्या वाकल्या वा चिखलाने बुजल्या आहेत का, हेही पाहावे.

गाडीखालची प्रत्येक ओल दोषाची नसते. एसीचे पाणी स्वच्छ व बिनवासाचे असते. कूलंट रंगीत, चिकट व गोडसर वासाचे असते.

गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. हवेच्या दुप्पट दाबाखाली पाणी 100 ऐवजी सुमारे 120 अंशांना उकळते. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि उकळते पाणी उसळून चेहरा व हात भाजतात. काटा चढल्यास गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे व निवू द्यावे.

गळतीचा प्रश्न केवळ इंजिनाच्या खर्चाचा नाही. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, पण पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करणारे विष आहे. वाहनतळावरचे तहानलेले कुत्रे किंवा मांजर ते चाटते. अंगणात खेळणाऱ्या बालकालाही त्याचा धोका असतो. जीवदयेचे व्रत पाळणाऱ्या घराने सांडलेले कूलंट माती वा भुसा टाकून टिपून घ्यावे, ती माती पिशवीत बांधावी आणि मगच जागा धुवावी. बदललेले जुने कूलंट गटारात न ओतता बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या हवाली करावे.