बुफेच्या दारातलं बेसिन

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या जाहिरातीत तरणतलाव, स्पा, जिम असं सगळं झळकतं. मला विचाराल तर बोटीवरची सगळ्यात मोलाची सोय म्हणजे बुफेच्या दारातलं हात धुण्याचं बेसिन. पोटाची वाट लावणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. त्याला साबण, वाहतं पाणी आणि निदान 20 सेकंद चोळणंच लागतं. पण लोक बाटलीखाली तळहात धरल्यासारखं करतात आणि थेट पास्त्याच्या डावाला हात घालतात. तोच डाव मघापासून शेकडो हातांतून फिरलेला असतो! बेसिनकडे वळा म्हणून आर्जवं करणारा कर्मचारी पुष्कळदा गोव्याचा निघतो. मग आपली मंडळी त्याच्याशी गावगप्पा मारतात, हात मात्र कोरडेच. बोट लागण्याचं म्हणाल, तर उन्हाळ्यात हा समुद्र बराच शांत असतो, पण मार्सेय-बार्सिलोना टप्प्यात मिस्त्राल वारा सुटला की वरच्या मजल्यावरची महागडी बाल्कनीवाली खोली जास्त डुलते. खालची, मधोमध असलेली साधी खोली बरी. बोट थांबते त्या चिवितावेक्किया बंदराहून रोम सत्तरेक किलोमीटर. जुलैच्या उन्हात तिथे फिरताना रिकामी बाटली जवळ ठेवा, रस्तोरस्ती ‘नासोनी’ नळांना पिण्याचं गार पाणी फुकट मिळतं. बोटीवरचा डॉक्टर मात्र फुकट नाही. त्याचं बिल खोलीच्या खात्यावर चढतं, तेही युरोत नाहीतर डॉलरात. तेव्हा प्रवास विम्याचे कागद आलेपाकाच्या वड्यांसोबत हातपिशवीतच असू द्यात.