कापलेली वेल जाते कुठे?

मोतीबिंदूंची यादी संपत आली की शेवटी एक-दोन टेरिजियम उरतात. बुबुळावर आलेली वेल सोडवायची, कंजंक्टायव्हाचा ग्राफ्ट बसवायचा, पट्टी बांधायची. काढलेला गुलाबी तुकडा गॉजबरोबर पिवळ्या पिशवीत जातो.

माझ्याही हातून हे झालं आहे. चाळिशीच्या आतला एक ट्रकचालक वर्षभरानं परत आला, तेव्हा लिंबसवर पांढुरकी, खडबडीत वाढ होती. बायोप्सीत स्क्वॅमस पेशींचा कर्करोग निघाला. पहिल्या वेळीच तो तिथं होता का? ते सांगू शकणारा तुकडा मीच फेकला होता. त्या माणसाला मी काय उत्तर देणार होतो?

सुश्रुतानं ‘अर्म’ म्हणून या वेलीचे पाच प्रकार सांगितले, अर्धवट छेदलेली वेल पुन्हा वाढते हेही सांगितलं. तेव्हापासून आपलं सारं लक्ष ती परत येईल का, याकडेच आहे. 1985मध्ये केनियन आणि सहकाऱ्यांनी ऑटोग्राफ्टचे निष्कर्ष मांडले, पुढं फायब्रिन ग्लू आला. उघडा स्क्लेरा तसाच सोडणं आता कुणीही करू नये. पण ती खरंच वेल आहे का, हा प्रश्न मात्र मागंच पडला.

डोळ्याच्या पृष्ठभागावरचा स्क्वॅमस निओप्लाझिया, म्हणजे ओएसएसएनही, बहुधा लिंबसवरच उगवतो, उन्हाशीच नातं सांगतो, आणि कधी चक्क टेरिजियमच्या आत दडलेला असतो. जाड, वळणदार रक्तवाहिनी, पांढरा थर, जेलीसारखा उंचवटा, रोझ बेंगॉलनं रंगणारा पृष्ठभाग, यांपैकी काहीही दिसलं तर साधी वेल समजून हात घालू नका. रुग्ण तरुण असेल तर एचआयव्ही चाचणीचं बोला. कापायचंच ठरलं तर गाठीला न शिवता चार मिलिमीटर निरोगी कड घेऊन कापा, कडांना क्रायो द्या आणि ग्राफ्ट घेण्याआधी हत्यारं बदला. नाहीतर त्याच चिमट्यानं पेशी निरोगी जागी नेल्या जातील. इंटरफेरॉन, फाइव्ह-एफयू, मायटोमायसिनचे थेंबही हाताशी आहेत.

आणि संशय नसला तरी तुकडा पाठवा. तालुक्याला पॅथॉलॉजिस्ट नाही, रुग्णाला खर्च झेपत नाही, या अडचणी मला ठाऊक आहेत. फॉर्मॅलिनची बाटली मात्र एसटीनंही जिल्ह्याला पोचते. नुसता बाटलीत टाकला तर तुकडा गुंडाळतो आणि कडा वाचता येत नाहीत. म्हणून टाक्यांच्या पाकिटातला कागद घ्या, त्यावर तो सपाट पसरा, मिनिटभर चिकटू द्या, बुबुळाकडची बाजू पेन्सिलनं लिहा (शाई फॉर्मॅलिनमध्ये पसरते) आणि कागदासकट बाटलीत सोडा.