सूचनाफलकावरची संधी

विद्यापीठाच्या गणित विभागाची पायरी चढण्याचे आम्हां मराठीच्या अध्यापकांना एरवी काही कारण पडत नाही. गेल्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासणीचे केंद्र त्याच इमारतीत होते, म्हणून चहाच्या सुट्टीत आम्ही दोघे तेथील सूचनाफलकापाशी रेंगाळलो. फलक भरगच्च होता. डाव्या अंगाला बातम्या : कुणाची पीएच.डी.ची मौखिकी, बाहेरून येणाऱ्या गणितज्ञाचे व्याख्यान, परदेशी गेलेल्या एका विद्यार्थ्याचे अभिनंदन. उजव्या अंगाला संधी : राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाची शिष्यवृत्ती, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा, आयआयटींतील एम.एस्सी.साठीची ‘जॅम’, उन्हाळी प्रशिक्षणवर्ग. सारा मजकूर इंग्रजीत. होतकरू विद्यार्थ्याला याहून अधिक काय हवे, असा विचार मनात येतो न येतो तोच त्यांतल्या एका पत्रकावर नजर खिळली. तसेच एक पत्रक आम्ही पूर्वी आमच्याच महाविद्यालयात पाहिले होते. आणि पाहिले तेव्हा उशीर झाला होता.

आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. दोन वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली, गणितात वर्गात पहिली येणारी एक विद्यार्थिनी मराठी विभागात आली. तिला गणित शिकवणारे सर तासिका तत्त्वावरचे. आठवड्यातले तीन दिवस आमच्याकडे, उरलेले शेजारच्या तालुक्यात. ते भेटले नाहीत म्हणून ती आमच्याकडे आली होती. उन्हाळी वर्गाच्या अर्जात ‘हा वर्ग आपणांस का करावयाचा आहे’ ते इंग्रजीत लिहायचे होते आणि शिफारसपत्र जोडायचे होते. “सर, एवढं लिहून द्याल का?” असे म्हणून तिने कागद पुढे केला. मुदत संपून चार दिवस झाले होते. चौकशी केली तेव्हा कळले, की पत्रक महिनाभर आधीच कार्यालयाच्या ई-मेलवर येऊन पडले होते. कोणी ते दडवले नव्हते; ते कोणाचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते, इतकेच.

अशा वर्गांचे मोल किती, हे गणितवाले आमच्याहून चांगले सांगतील. १९९३ साली प्रा. एस. कुमरेसन यांच्या पुढाकाराने सुरू झालेला ‘एमटीटीएस’ हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. निवडक विद्यार्थी चार आठवडे एकत्र राहतात. शिक्षक प्रश्न विचारीत जातात आणि विद्यार्थी स्वतः उत्तराकडे सरकतात. पाठांतराच्या जोरावर पहिला वर्ग मिळवणाऱ्या मुलाला आपल्याला गणित येते की नाही, हे तेथे पहिल्यांदा समजते. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला अशा चार आठवड्यांची गरज शहरातल्या विद्यार्थ्याहून कमी नाही, किंबहुना अधिकच आहे.

यावर एक आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. ज्याला इंग्रजीतले पत्रक वाचता येत नाही तो इंग्रजीतले गणित काय शिकणार? आक्षेप सयुक्तिक वाटतो. पण त्यात दोन निरनिराळ्या इंग्रजींची गल्लत आहे. गणिताच्या पुस्तकातली इंग्रजी मोजक्या शब्दांची असते. मराठी शाळेत भूमिती शिकलेल्या मुलाने पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ही वाट आठवी-नववीतच पायाखाली घातलेली असते. ‘समजा’, ‘म्हणून’, ‘परंतु’ यांच्या जागी इंग्रजी शब्द आले तरी वाट बदलत नाही. आमची विद्यार्थिनी जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या सिद्धता बिनचूक सोडवीत होती. तिला अडवले ते पत्रकाच्या इंग्रजीने : पात्रतेच्या अटी, हमीपत्रे, आणि स्वतःविषयी चार वाक्ये लिहिण्याची ती अपेक्षा. ही भाषा गणिताची नव्हे, कचेरीची आहे. तिच्यात नापास होणे म्हणजे गणितात नापास होणे नव्हे; परिणाम मात्र तोच होतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून उच्च शिक्षण मातृभाषेतून देण्याची चर्चा पुष्कळ होते. ती पाठ्यपुस्तके आणि परिभाषा यांपाशी घोटाळते. पाठ्यपुस्तक लिहायला वर्षे लागतात, सूचनेचे भाषांतर अर्ध्या तासात होते. तरी सूचनेचा विचार कोणी करीत नाही.

संधी म्हणजे काय, हे गणिताच्या इतिहासातच पाहावे. १९०७ साली आपल्याकडे भारतीय गणित परिषदेचा पाया घातला गेला, तो परदेशी ग्रंथ आणि नियतकालिके वर्गणीने मागवून सभासदांत फिरती ठेवावीत, या साध्या हेतूने. परिषदेचे ग्रंथालय प्रारंभी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. पुढे तिने स्वतःचे नियतकालिक काढले आणि त्यात वाचकांनी एकमेकांना घालायच्या प्रश्नांना जागा ठेवली. १९११ साली त्या पानांवर पदवी नसलेल्या एका तरुणाचे प्रश्न आणि त्याच वर्षी त्याचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तो तरुण श्रीनिवास रामानुजन. केंब्रिजच्या हार्डींना त्याने लिहिलेले १९१३चे पत्र सर्वांना ठाऊक असते; त्याआधी त्याचे नाव देशातल्या गणितज्ञांपुढे नेणारी ती प्रश्नांची पाने सहसा कोणाच्या ध्यानी येत नाहीत.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती लेखनाचा हा गौरव होता. कापरेकरांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले नाही. देवळालीच्या शाळेत ते शिक्षक राहिले. पण संख्यांचा नाद सुटला नाही. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. हा ‘कापरेकर स्थिरांक’ जगभर पोहोचला तो मुख्यतः १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर. म्हणजे दोन्ही टोकांना कोणीतरी होते : विद्यार्थिदशेत ‘तुझे लेखन दाखव’ म्हणणारे, आणि उतारवयात ‘हे पाहा’ म्हणून जगाला सांगणारे. मधली सारी वर्षे त्यांनी एकट्याने काढली, हेही विसरता कामा नये.

आम्ही व्याकरण शिकवतो. व्याकरणात संधी म्हणजे दोन वर्णांचे एकत्र येणे. ‘विद्या’ आणि ‘आलय’ हे शब्द निरनिराळ्या पानांवर कितीही काळ पडून राहिले तरी त्यांचे ‘विद्यालय’ होत नाही. फलकावर लावलेले पत्रक आणि शंभर किलोमीटर दूरची विद्यार्थिनी यांचेही तसेच आहे. पत्रक छापले, फलकावर लावले, संकेतस्थळावर चढवले, म्हणजे संधी दिली, असे विभागाला वाटते. पहिला वर्ण लिहिला गेला, एवढेच त्याने सिद्ध होते.

म्हणून आमची गणित विभागांना विनंती आहे. दर महिन्याला मराठीत एक पान काढावे. त्यात काय आहे, कोणासाठी आहे, शेवटची तारीख कोणती आणि शंका कोणाला विचारावी, एवढेच असावे. ते ‘प्राचार्य’ या पदनामाला न धाडता प्रत्येक महाविद्यालयातल्या एका व्यक्तीला, तिच्या नावाने धाडावे. बातम्यांमध्ये परदेशी गेलेल्याबरोबर तालुक्यातून विभागात आलेल्याचीही बातमी द्यावी, कारण मागून येणारा तीच आधी वाचतो.

आणि दोष आमचाही आहे. गणित म्हणजे परक्याचे अंगण, असे मानून आम्ही मराठीवाले वर्षानुवर्षे निर्धास्त राहिलो. वस्तुतः फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेल्या दामोदर कोसंबींनी १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हे आम्ही वर्गात कौतुकाने सांगतो. भिंत ओलांडण्याचे काम मात्र पलीकडच्यांवरच सोडतो. भाषांतर हा आमचा व्यवसाय आहे; शिफारसपत्राचा मसुदा करून देणे आणि अर्जातली चार वाक्ये विद्यार्थ्याच्याच तोंडून काढून घेणे आम्हांला सहज जमण्याजोगे आहे. यंदापासून आमच्या विभागाच्या फलकावर काव्यवाचनाच्या सूचनेशेजारी गणिताच्या पत्रकांचे मराठी टिपण लागते. पहिल्या आठवड्यात ते तिघांनी उतरवून घेतले. त्यांतला एक मराठीचा विद्यार्थी होता. म्हणाला, धाकट्या बहिणीसाठी.