हजेरीपटाला घर दिसत नाही

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहायला सदाशिव पेठेत. दर शनिवारी एका सरकारी शाळेत गणित शिकवायला जातो. सातवीतली एक मुलगी दोन महिने आली नाही. "तुमच्यात मुलींना शिकवत नाहीत ना, सर," शिक्षक म्हणाले. घरी गेलो. आई अंथरुणाला खिळलेली, धाकट्या भावाला सांभाळायला दुसरं कोणी नाही. प्रश्न मजहबचा नव्हता, पाळण्याचा होता!

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शिक्षक, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण सगळं आहे. मोठ्या शाळांना कला-क्रीडेचे अर्धवेळ निदेशकही आहेत. मुलाच्या घरी जाणारा समाजकार्यकर्ता मात्र नाही. हुशार मुलांसाठी याच पेठेत १९६२ साली मानसशास्त्राच्या आधारावर ज्ञान प्रबोधिनी उभी राहिली. मग गळणाऱ्या मुलांना नुसता 'गैरहजर' शेरा का? माणसं नाहीत म्हणावं, तर कर्वे समाज सेवा संस्था पुण्यातच आहे.

माझ्या शनिवारच्या हौसेनं हे भागणार नाही. नगरसेवक मोहल्ल्यात आला की आपण कब्रस्तानची भिंत मागतो. मित्रांनो, या वेळी शाळेसाठी पगारी समाजकार्यकर्ता मागू. मेलेल्यांची सोय झाली, आता शिकणाऱ्यांची बघू.